खाडीत ऑक्सिजन कमी असेल तर माशांच्या पिल्लांची वाढ खरंच खुंटते का? किती टक्के? मीटरवर तर 6 दिसतो आणि मासे मरतही नाहीत.

हो, खुंटते. आणि ते "मासे मरतही नाहीत" वाचून माझी जुनी खपली निघाली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

प्रबंधासाठी मी एका खाडीच्या आतल्या, चिंचोळ्या फाट्यात काम करत होते. आमचे सर सकाळी अकराला होडीतून मीटर पाण्यात सोडायचे. 6 मिलिग्रॅम प्रति लिटर आला की वहीत आकडा, चला परत. मला मात्र तिथली बोयांची पिल्लं खाडीच्या मुखाजवळच्या पिल्लांपेक्षा बारकी वाटायची. सर म्हणायचे, "अगं, ती उशिरा जन्मलेली असतील. आणि एक तरी मेलेला मासा दाखव मला."

उशिरा जन्मल्याचा मुद्दा खोडणं सोपं होतं. माशाच्या कानातल्या खड्यात, ओटोलिथमध्ये, दिवसाला एक कडं चढतं. जॉर्जिओ पॅनेला यांनी 1971 मध्येच हे दाखवून दिलंय. खडे घासून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फुटेस्तोवर कडी मोजली. वय सारखंच निघालं. फाट्यातल्या पिल्लांची अलीकडची कडी मात्र एकमेकांना चिकटलेली, म्हणजे वाढ मंदावलेली.

मग एका रात्री होडीवाल्या काकांना घेऊन तिथेच मुक्काम ठोकला. मीटर सरांच्या कपाटात कुलूपबंद, म्हणून विंकलरच्या, म्हणजे रसायनं घालून पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या, बाटल्या नेल्या. पहाटे पाचला ओहोटी संपत आलेली, वारा पडलेला. टॉर्च मारला तर बोटभर पिल्लं पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला तोंडं लावून हपापत होती, शेकड्यांनी. काका म्हणाले, "हे रोजचंच आहे." तळाजवळचं पाणी बाटलीत भरलं, मँगनीज सल्फेट सोडलं, मग अल्कली आयोडाइड. एरवी गंजासारखा तपकिरी साका बसतो. इथे बसला तो चुन्याकडे झुकणारा, फिकट, म्हणजे ऑक्सिजन फारच कमी. नंतर 200 मिलिलिटर घेऊन टायट्रेशन केलं, तर थायोसल्फेट दीड मिलिलिटर जातंय तोच निळा रंग उडाला. म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅम ऑक्सिजन! अकराला त्याच जागी सरांचा 6 होताच.

दिवसा शेवाळं ऑक्सिजन सोडतात, रात्री तीच शेवाळं आणि तळाचा कुजका गाळ तो संपवतात. सगळ्यांना माहीत असतं हे, पण मोजायला सगळे ऊन वर आल्यावरच जातात. सरांचं उत्तर तयार होतं, "सरासरी पावणेचार येते, चालतं की." मासा काय सरासरीवर श्वास घेतो?

टक्के विचारलेत, तर सरसकट एक आकडा नाही. जात, तापमान आणि रोज किती तास ऑक्सिजन खाली राहतो, यावर सगळं ठरतं. ऑक्सिजन "फार कमी" म्हणायला नेहमी सांगतात ती लिटरमागे 2 मिलिग्रॅमची रेषा वाढीसाठी निरुपयोगी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2000 साली केप कॉड ते केप हॅटरस या किनाऱ्यासाठी दोन वेगळे आकडे दिले: पिल्लं जगण्याची मर्यादा 2.3 आणि वाढीला धोका नाही अशी पातळी 4.8. या दोहोंच्या मधल्या पाण्यात पिल्लं मरत नाहीत, नुसती खुरटतात. कारण पहिली तुटते ती भूक. खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो, म्हणून मासा खाणंच कमी करतो. त्यात पाणी तापलं की दुहेरी मार: 30 अंशाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मुळात सव्वासहाच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, आणि शरीराची मागणी वाढलेली असते. बारीक राहिलेलं पिल्लू मोठ्या माशाच्या तोंडात मावण्याइतकं जास्त दिवस राहतं, हा हिशेब तर कुणी मांडतच नाही.

आता प्रामाणिकपणे: माझ्या फाट्यात क्षारता वेगळी होती, खाद्यही वेगळं असणार, तेव्हा सगळा दोष ऑक्सिजनच्या माथी मारता येत नाही. शिवाय पोहता येणारी पिल्लं वाईट पाण्यातून निघूनही जातात, मग उथळ जागी दाटी होऊन खाण्यावरून मारामारी. ते वेगळंच दुखणं. आणि पहाटेचं रीडिंग एकाच रात्रीचं होतं, हे सरांचं म्हणणं बरोबरच होतं. त्याच जोरावर त्यांनी ते "अपवादात्मक" असा शेरा मारून परिशिष्टात ढकलायला लावलं.

म्हणून तुम्ही निदान सलग आठ-दहा दिवस, सूर्य उगवायच्या आधी, तळाजवळचं पाणी मोजा. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहा, भरती-ओहोटी लिहा. आणि होडीवाला काय म्हणतो तेही तारखेसकट वहीत उतरवून ठेवा. काकांचं ते "रोजचंच" मी लिहून ठेवलं नव्हतं.