मोजपट्टी कुठली होती?

वाचकांचे प्रश्न : लाकडी जहाजांच्या प्रतिकृती

गेल्या अंकात खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायांबद्दल लिहीन म्हणालो होतो. पण जहाजांची पत्रं एवढी साचली आहेत की पाय थोडे दिवस डुगडुगू देत. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी ३२ वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लोखंडात जे ओतायचं ते आधी लाकडात करून द्यायचं, हा माझा धंदा. जहाजांचा नाद निवृत्तीनंतरचा. तेव्हा समुद्राबद्दल मला फार विचारू नका, लाकडाबद्दल विचारा.

प्रश्न : किट न घेता, आराखड्यावरून थेट ‘व्हिक्टरी’ करायची आहे. ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन, त्याचं हे जहाज लहानपणापासून डोक्यात बसलंय. सुतारकामाची थोडीफार सवय आहे, मॉडेल मात्र पहिलंच. सुरुवात कुठून करू?

दुसऱ्या जहाजापासून. रागावू नका, पण हिशेब बघा. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या या जहाजाच्या तोफांच्या मजल्याची लांबी १८६ फूट. फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ हे आमच्यातलं नेहमीचं माप धरलं, तर नुसता हा मजलाच एक मीटर १८ सेंटिमीटर होतो. पुढची तिरपी काठी त्याच्या आणखी पुढे. खऱ्या जहाजावर सुमारे २६ मैल दोर होते असं सांगतात. म्हणजे तुमच्या टेबलावर साधारण ८७० मीटर दोरा, आणि प्रत्येक गाठ चिमट्यानं. तोफा १०४. मी एका फ्रिगेटचे, म्हणजे मधल्या आकाराच्या लढाऊ जहाजाचे, अठ्ठावीस तोफगाडे केले. बाराव्यापर्यंत उत्साह होता, तेराव्यापासून नुसती चाकं दिसायला लागली.

त्यापेक्षा ‘बाउंटी’ची होडी करा. १७८९ च्या बंडानंतर जहाजाचा कप्तान ब्लाय आणि त्याच्याबरोबरच्या १८ जणांना ज्या होडीत उतरवून सोडून दिलं, ती. २३ फुटांच्या त्या उघड्या होडीतून ही मंडळी साडेतीन हजारांवर सागरी मैल कापून तिमोरला पोचली. १:२४ ला ती २९ सेंटिमीटरची होते, मांडीवर घेऊन काम करता येतं. तोफा नाहीत, डेक नाही. पण कील, म्हणजे तळाचा कणा, आहे, फासळ्या आहेत, फळ्या वाकवायच्या आहेत. आतली बाजू सगळी उघडी, त्यामुळे लपवालपवीला जागा नाही. एवढं जमलं की मग ‘व्हिक्टरी’चं बोलू.

आराखड्यांचं म्हणाल, तर अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जपलेले आहेत आणि त्यांच्या प्रती मिळतात. प्रत हातात आली की लाकडाला हात लावण्याआधी आराखड्यावर छापलेली मोजपट्टी मोजून बघा. मग कागदाच्या लांबीच्या दिशेनं एक आणि रुंदीच्या दिशेनं एक, अशी दोन माहीत असलेली मापं तपासा. प्रिंट एका दिशेला ताणली जाते, कागद दमट हवेत फुगतो, आणि फोटोकॉपीचा तर भरवसाच नको. दुसरी गोष्ट, या आराखड्यातल्या रेषा बहुतेक वेळा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेच्या असतात, वरच्या फळ्यांची जाडी त्यात धरलेली नसते. हे न कळल्यामुळे फळीची जाडी उगाच वजा करून जहाज बारीक करणारे मी पाहिलेत.

प्रश्न : मी दहावीत आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाला फळ्या नीट बसत नाहीत, एकमेकींवर चढतात. मी त्या रात्रभर पाण्यात भिजवून लावतो. लावताना बरं दिसतं, पण आठवड्यानं फटी पडतात. भुसा आणि गोंद भरला तर डाग दिसतात. काय चुकतंय?

शाब्बास. तू फटी कधी पडतात हेही लिहिलंस, म्हणून उत्तर देता येतंय. तुझ्या दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली म्हणजे पाणी. भिजलेली फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. तू फुगलेली फळी फुगलेल्या फळीला चिकटवतोस. आठवड्यात त्या वाळतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी थोडी बारीक होते. फट ही त्या वाळण्याची. दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीला दहा-पंधरा मिनिटं पाणी पुरतं. लाकूड वाकतं ते मुळात उष्णतेनं. ओलसर लाकूड तापलं की तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं, आणि गार झालं की त्याच वळणात घट्ट होतं. तेव्हा पट्टी ओली कर, गरम इस्त्रीच्या टोकानं हळूहळू वळव, जागेवर चिमटे लावून रात्रभर सुकू दे आणि मग कोरडी असताना चिकटव. अमोनियात बुडवल्यानं लाकूड लवचिक होतं असं कुणी सांगेल. घरात मिळणाऱ्या अमोनियानं लाकूड काळवंडतं आणि खोलीभर वास सुटतो, बाकी काही होत नाही.

दुसरी चूक मोठी आहे. सगळ्या फळ्या तू एकाच रुंदीच्या लावतोयस. जहाजाचं पोट मोठं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती. पोटावर चोवीस फळ्या मावत असतील तर नाळेजवळही त्याच चोवीस पोचल्या पाहिजेत, तेव्हा त्यांना तिथे बारीक व्हावंच लागणार. एक कागदाची पट्टी घे. मधल्या आडव्या पडद्यावर, म्हणजे बल्कहेडवर, डेकच्या कडेपासून कीलपर्यंत ती पोटाला चिकटवून धर आणि दोन्ही टोकांना खूण कर. समज ९६ मिलिमीटर आलं. चोवीस फळ्या, म्हणजे प्रत्येकी ४. आता नाळेजवळच्या पडद्यावर तेच कर. समज ६० आलं. म्हणजे तिथे प्रत्येक फळी अडीच मिलिमीटर. प्रत्येक पडद्यावर भागाकार करत बसायला नको. एका मोठ्या कागदावर एका बिंदूतून पंख्याच्या काड्यांसारख्या पंचवीस रेषा काढ, कुठल्याही एका आडव्या ओळीवर दोन रेषांमधलं अंतर सारखं यायला हवं. कागदाची पट्टी या पंख्यावर आडवी धर आणि तिच्या दोन खुणा पहिल्या आणि शेवटच्या रेषेवर येईपर्यंत वर-खाली सरकव. मधल्या रेषांपाशी टिंबं दे. हीच पट्टी परत पडद्यावर लावून टिंबं उतरव. आता प्रत्येक फळी कुठे किती रुंद हे जहाजावरच लिहिलेलं आहे, तुला फक्त रंधा मारायचाय. रंधा नसेल तर पोलादी पट्टी आणि धारदार सुरी चालेल.

फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक होत असेल तर थांब. तिथे दोन फळ्यांच्या जागी एक आणायची असते, तसं खऱ्या गोद्यांमध्येही करत. आणि कीललगतची पहिली फळी नाळेकडे वर चढू देऊ नकोस. ती चढली की तिच्यावरच्या सगळ्यांची जागा खाते, मग त्या एकमेकींवर चढतात. एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, असं आलटून पालटून लाव. एक बाजू आधी पूर्ण केलीस तर कील त्या बाजूला ओढली जाते.

पडलेल्या फटींत भुसा नको. गोंदानं बंद झालेलं लाकूड रंग पीत नाही, तेच डाग. त्याच लाकडाची केसाएवढी चिपळी काप, पाचरीसारखी निमुळती कर आणि फटीत सरकव.

प्रश्न : ‘एन्डेव्हर’ पूर्ण होत आली आहे. पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे लावायचे आहेत. पत्र्याचं माप काय घ्यावं?

लावू नका. कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ १७६८ साली निघालं तेव्हा त्याला तांबं नव्हतं. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठी बाहेरून पातळ फळ्यांचा एक जादा थर होता. ब्रिटिश नौदलात तांब्याची लाट आली ती १७७९-८० च्या सुमारास, ‘व्हिक्टरी’ला ते १७८० मध्ये लागलं. तुमचा खालचा भाग पांढुरका रंगवा. तांबं एखाद्या नंतरच्या जहाजासाठी राखून ठेवा. ते पत्रे ४ फूट बाय १४ इंचांचे असत, १:४८ ला साधारण २५.४ बाय ७.४ मिलिमीटर.

प्रश्न : अडीच वर्षं खपून १:४८ चं जहाज उभं केलं. आता मोजल्यावर डावी बाजू उजवीपेक्षा दोन मिलिमीटर फुगीर निघाली. झोप उडाली आहे. मोडून परत करू का?

ताई, दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर साडेनऊ सेंटिमीटर. स्टॉकहोमला जाऊन ‘वासा’ बघितलंत तर बरं वाटेल. १० ऑगस्ट १६२८ ला हे जहाज पहिल्याच सफरीवर निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं आणि बुडालं. १९६१ साली वर काढून मोजणी झाली तेव्हा त्याच्याही दोन बाजू सारख्या नव्हत्या. आत कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या : दोन बारा इंचांच्या स्वीडिश फुटाच्या आणि दोन अकरा इंचांच्या ॲमस्टरडॅम फुटाच्या. बुडण्याचं मुख्य कारण वरचा भाग जड असणं हे होतं, पट्ट्या नव्हे. पण त्या चार पट्ट्यांचं वाचलं तेव्हा मी स्वतःशीच हसलो.

कारण माझी पहिली ‘बाउंटी’. लोखंड थंड होताना फुटामागे एक अष्टमांश इंच आकसतं. म्हणून पॅटर्नमेकरकडे कॉन्ट्रॅक्शन स्केल असते. दिसायला साधी पोलादी पट्टी, पण तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा लांब. त्या पट्टीनं मापलं की आकसण्याचा हिशेब आपोआप धरला जातो. सगळा जन्म माझ्या शर्टाच्या खिशात तीच. कीलची लांबी आणि बल्कहेडच्या खाचा मी सवयीनं तिनं आखल्या. डेक मात्र आराखड्याचा कागद प्लायवूडवर चिकटवून कापला. बसवायला गेलो तर ५८ सेंटिमीटरला डेक सहा मिलिमीटर आखूड! तीन दिवस प्लायवूडला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी पट्टी पालटून बघितली. टोकाला बारीक अक्षरांत आकसण्याचं प्रमाण कोरलेलं होतं, ३२ वर्षं रोज बघितलेलं. तो डेक अजून माझ्याकडे आहे, त्यावर चहाचा कप ठेवतो.

तुमचं जहाज मोडू नका. दोन्ही बाजू एकदम फक्त समोरून आणि मागून दिसतात, आणि तिथे डोळा फुगवटा बघत नाही, रेषा बघतो. बाहेरून जी जाड पट्टी जाते, वेल, ती दोन्हीकडे एकाच उंचीवर आहे का तेवढं तपासा. जहाज सपाट फळीवर सरळ उभं करा, एका ठोकळ्याला पेन्सिल बांधा आणि तो ठोकळा फळीवरून फिरवत दोन्हीकडे खुणा करा. फळ्या मोजून उंची ठरवू नका. वेल जुळली की ते दोन मिलिमीटर फक्त तुम्हाला माहीत राहतील.

प्रश्न : जुन्या तक्त्यांतून दोरांची मापं काढून दोरा घेतला, तरी सगळं राक्षसी जाड दिसतंय.

तक्त्यातलं माप दोराच्या घेराचं असतं, जाडीचं नाही. ३.१४ नं भागा. सहा इंची दोर म्हणजे १.९ इंच जाडीचा, १:४८ ला बरोबर एक मिलिमीटर. तुम्ही तिप्पट जाड बांधलाय. सोडा आता.

सोडलाच आहे तर आणखी एक. डोलकाठीला कायम धरून ठेवणारे दोर डांबराचे, गडद. शिडं ओढायचे दोर फिके. शिडीसारख्या आडव्या दोऱ्या बांधताना, त्या साधारण सात-आठ मिलिमीटरवर येतील, मागे रेघा मारलेला पुठ्ठा धरा आणि गाठ आवळताना उभे दोर आत ओढले जात नाहीत ना ते बघा. नाहीतर डमरूचा आकार होतो. आणि तो वरच्या दहा दोऱ्या बांधून झाल्याशिवाय लक्षात येत नाही.

प्रश्न : काचेच्या पेटीत ठेवलेल्या जुन्या मॉडेलच्या तोफा आणि नांगरांवर पांढरी पूड आली आहे. बुरशी आहे का?

बुरशी नाही, शिसं कुजतंय. तोफा शिशाच्या ओतीव असणार आणि पेटी ओकसारख्या लाकडाची किंवा प्लायवूडची. अशा लाकडातून आणि काही गोंदांतून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते. बंद पेटीत ती साठते आणि शिशाचं पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करते. ही पूड विषारी आहे. फुंकर मारू नका, पॉलिश पेपर लावू नका. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं टाकून द्या. रंग देऊन हे थांबत नाही, आतून चालूच राहतं. नव्या तोफा पितळेच्या किंवा बारीक पोताच्या लाकडाच्या लेथवर काढा, पेटीला खाली-वर हवा जायला भोकं ठेवा.

जुन्या तोफा काढताना प्रत्येक गाड्याखाली पेन्सिलनं नंबर लिहा आणि तोच नंबर तोफेच्या जागी डेकवर एका कागदाच्या कपट्यावर ठेवा. गाडे सगळे सारखे दिसतात, पण ज्यानं हातानं केले असतील त्याचे एकमेकांच्या जागी बसणार नाहीत.