सगळंच 'बोअरिंग' नसतं

भाऊ, तू इंग्रजीतून लिहायला लागलास, फार बरं वाटलं. फक्त प्रत्येक कंटाळवाण्या गोष्टीला 'बोअरिंग' म्हणू नकोस. भुसावळहून सुरतेकडे निघालेली पॅसेंजर स्टेशनागणिक रेंगाळली, तर तो प्रवास 'टीडियस', म्हणजे लांबलेला, दमवणारा. एकाच पट्टीतलं भाषण 'मोनोटोनस'. मूळ ग्रीकमध्येच 'एक सूर' आहे. मिरची नसलेलं भरीत 'ब्लँड'. केळीच्या बागेतलं ठिबक रोज तपासणं 'मन्डेन', म्हणजे रोजचंच, साधं, आणि त्यात नावं ठेवणं असतंच असं नाही. 'डल' मात्र माणसाला लावताना जपून, त्याचा अर्थ मंदबुद्धी असाही होतो.

'आय ॲम बोअरिंग' म्हणालास तर तूच कंटाळवाणा ठरतोस. तुला कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड'. आपल्याकडची हुशार पोरंही इथे चुकतात, म्हणून हे आधी पक्कं कर.

सगळ्यात फसवा 'डिसइंटरेस्टेड'. रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. न्यायाधीश तसाच हवा. इंग्रजी मातृभाषा असलेलेही अनेकजण दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, पण परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात तू फरक पाळच.