‘पाटाची बायको’ म्हणजे काय?

वडोद्यातील एका वाचकांनी आपल्या पणजीविषयी विचारले आहे. घरातील एका मोडी कागदात तिच्या नावापुढे ‘कोम’ (म्हणजे पत्नी) लिहून एका परक्या गृहस्थाचे नाव आहे. नंतरच्या कागदात मात्र पणजोबांचे नाव असून तिला त्यांची ‘पाटाची बायको’ म्हटले आहे. तेव्हा ती विवाहित पत्नी नव्हती काय, अशी शंका त्यांना बोचते आहे.

ती विवाहित पत्नीच होती. ‘पाट’ म्हणजे विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पुन्हा होणारा विवाह. ‘मोहतूर’ हा त्याचाच पर्याय. ज्या जातींत ही रीत मान्य होती, तेथे स्त्रीचा पहिला विवाह तेवढा ‘लग्न’ म्हणवला जाई, आणि म्हणून ‘लग्नाची’ व ‘पाटाची’ असा भेद कागदोपत्री आला. ठेवलेल्या स्त्रीसाठी ‘राख’ हा निराळा शब्द होता. मराठेशाहीत पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर घेत असत, आणि ज्या संबंधावर सरकार उघडपणे कर घेई, त्याला चोरटा संबंध कसे म्हणता येईल? पाटाचा विधी लग्नापेक्षा साधा, बहुधा रात्री आणि मोजक्या माणसांत उरकला जाई, यामुळे त्याला कमीपणा आला हे खरे; पण तो कमीपणा समाजाने दिलेला आहे, शब्दाच्या अर्थातला नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाट हा स्त्रीच्या पूर्वविवाहावरून ठरतो, पुरुषाच्या नव्हे. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा पुरुष ‘बिजवर’, पण वधू कुमारिका असेल तर ते लग्नच. उलट अविवाहित पुरुषाने विधवेशी पाट लावायचा झाल्यास कित्येक जातींत आधी रुईच्या झाडाशी त्याचे लग्न लावीत. तेव्हा ‘पाटाची’ या शब्दावरून आपल्या पणजोबांना आधीची बायको होती, असा निष्कर्ष काढू नये.

‘कोम’ म्हणजे ‘अमक्याची पत्नी’. तो पती हयात होता की नव्हता, हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून एकाच नावापुढे दोन पती दिसताच दोन निरनिराळ्या स्त्रिया मानण्याची घाई करू नये. मुलांच्या नावांपुढील ‘बिन’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, आणि कोणते मूल कोणत्या पतीचे हे त्यावरूनच उलगडते.

कालक्रम लावताना विशेष जपावे, कारण वडोद्याकडे एका कागदात शक तर दुसऱ्यात संवत असू शकतो. गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत शकात 135, आणि चैत्रापासून आश्विनापर्यंत 134 मिळवल्यास संवत येतो. ही बेरीज चुकली तर पाट पहिल्या पतीच्या मृत्यूच्या आधीच झालेला दिसेल आणि नसती शंका उभी राहील. गुजराती कागदही चाळणार असाल, तर तेथे ‘पाट’ न शोधता ‘नातरुं’ हा शब्द शोधावा.