‘एवढं भयंकर पुस्तक तिला आवडतंच कसं?’

“मॅडम, चोवीस पोरं मैदानात सोडतात, एकमेकांना मारायला. एकच उरेपर्यंत. आणि ही ते वाचताना जेवायचं विसरते. हिच्या डोक्यात चाललंय तरी काय?”

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दहावीतल्या एका मुलीची आई हे विचारत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुस्तक होतं सुझान कॉलिन्स यांचं ‘द हंगर गेम्स’. २००८ ते २०१० या काळात आलेले तिन्ही भाग लेकीने दिवाळीच्या सुट्टीत संपवले आणि पहिला पुन्हा हातात घेतला. वहीच्या मागच्या पानांवर धनुष्यबाण दिसले, तेव्हा आईची झोप उडाली.

पुस्तकाचं नाव बदलतं, पण हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. आईची भीती मी कधीच उडवून लावत नाही. मात्र पुस्तकाआधी दुसरंच विचारते. झोप कशी आहे? मैत्रिणी तुटल्या का? ‘जगून काय करायचं’ असं काही बोलली का? हातावर जखमा दिसल्या का? यातलं एकही ‘हो’ आलं असतं, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी तेच हाती घेतलं असतं. (अशा वेळी रात्री-अपरात्रीही टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.) इथे तसं काही नव्हतं. झोप नीट होती, आणि क्लासवरून घरी येताना मैत्रिणीशी याच गोष्टीवर वाद घालत यायची.

पुढच्या वेळी ती एकटी आली, पुस्तक घेऊन. मी म्हटलं, “तू सारखं उघडतेस ते पान दाखव.”

तिला शोधावं लागलं नाही. पुस्तक तिथेच उघडत होतं. ते पान मारामारीचं नव्हतं, मैदानात कोणाला पाठवायचं याची चिठ्ठी काढण्याचं होतं. बारा वर्षांच्या प्रिमचं नाव निघतं आणि सोळा वर्षांची थोरली बहीण कॅटनिस पुढे होऊन म्हणते, हिच्याऐवजी मी जाते.

“प्रिमची एकच चिठ्ठी होती त्यात,” ती म्हणाली. “कॅटनिसच्या वीस. गरीब पोरांनी जास्तीचं धान्य आणि तेल घेतलं की चिठ्ठ्या वाढतात. म्हणजे सगळ्यांना सारखं नसतंच ते. तरी सगळे म्हणतात, खेळ आहे.”

मग जरा थांबून, “माझा भाऊ सातवीत आहे. त्याला पण क्लासच्या फाउंडेशन बॅचला टाकतायत.”

दर रविवारी तिच्या क्लासची रँक लिस्ट पालकांच्या ग्रुपवर पडते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नावानिशी. गेली दोन वर्षं ती स्वतःचं नाव त्यात वरून खाली शोधते आहे. घरात याबद्दल ती एक अक्षर बोललेली नव्हती. बोलायला तिला शब्द सापडले ते या गोष्टीत.

आईला मी विचारलं, “बकासुराची गोष्ट तिला कोणी सांगितली?”

“आजीने. चार-पाच वर्षांची असेल तेव्हा.”

गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. आज कोणाच्या घरची पाळी? महाभारतात त्या घरातला चिमुरडा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, मी मारतो राक्षसाला. आणि त्या घराऐवजी कुंती आपल्या भीमाला पाठवते. कॉलिन्सबाईंना त्यांची गोष्ट ग्रीक पुराणात सापडली. तिथे अथेन्सला आपली मुलंमुली मिनोटॉर राक्षसाकडे पाठवावी लागतात. त्यात भर पडली टीव्हीची: चॅनल बदलताना एकीकडे तरुणांची स्पर्धा, दुसरीकडे युद्धाच्या बातम्या. म्हणून त्यांच्या पुस्तकात मरणाचाही कार्यक्रम होतो, मेकअप करून, प्रेक्षकांसमोर. पण लेखिका त्या प्रेक्षकांच्या बाजूने नाही. जिंकलेल्यांनाही ती वाईट स्वप्नांतून सोडवत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला हे नेमकं कळतं, आणि कोणीतरी खरं बोलतंय याचा तिला आनंद होतो. आई घाबरली होती ती याच आनंदाला.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मी हे पुस्तक देणार नाही. तिसरा भाग तर फार जड आहे. तो मूल वाचत असताना घरात आणखी कोणी वाचलेला असावा. पण हिसकावून घेणं मला सर्वांत वाईट वाटतं. पुस्तक मग पांघरुणात जातं, आणि त्याबद्दलचं बोलणंही.

आई पहिला भाग घरी घेऊन गेली. “इंग्रजी मला जड जातं,” म्हणाली. मी सुचवलं, लेकीलाच वाचून दाखवायला सांगा, रोज पाच-सहा पानं, जेवणानंतर.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. चिठ्ठीच्या पानाशी लेकीचा आवाज अडकला होता, आणि ऐकत बसलेल्या बाबांनी टीव्ही बंद केला होता. धाकट्याच्या बॅचचा फॉर्म अजून फ्रीजवरच पडून आहे. त्याला काय वाटतं हे कोणी विचारलंच नव्हतं. रविवारी विचारणार आहेत.