‘ईआर पॉझिटिव्ह’ एवढं वाचून थांबू नकोस

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ब्रेस्ट ओपीडीत स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ (गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहेत) दिसलं की हात लगेच टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला रोखणारी गोळी) लिहायला जातो. त्याआधी दोन गोष्टी बघ: ईआर तपासणीच्या रंगाने किती टक्के पेशी रंगल्या आणि रंग किती गडद आहे. १ टक्क्यापासून पुढे पॉझिटिव्ह म्हणतात, पण १ ते १० टक्क्यांच्या गाठींची नोंद २०२० पासून ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी होते. यातल्या बऱ्याच गाठी ट्रिपल निगेटिव्हसारख्या (ईआर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-टू हे वाढीचं प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठींसारख्या) वागतात. अशा बाईला गोळी नाकारायची नाही, पण गोळीच्या भरवशावर केमोही टाळायची नाही. ऑलरेड स्कोअर (ईआर मोजायची गुणपद्धत) दिला असेल तर प्रमाणाचे ५ आणि गडदपणाचे ३ असे एकूण ८ पैकी गुण असतात. ७-८ गुणांच्या गाठीकडून जी आशा धरता येते, ती ३ गुणांच्या गाठीकडून धरू नये.

निगेटिव्ह रिपोर्टवर तर जास्तच शंका घे. ग्रेड १ (सौम्य दिसणारी), ट्युब्युलर, म्युसिनस किंवा क्लासिकल लोब्युलर (सहसा ईआर पॉझिटिव्ह असणाऱ्या प्रकारांची) गाठ आणि ईआर निगेटिव्ह, हे जुळत नाही. गडबड बहुतेकदा रंग लावण्याआधीच झालेली असते. अख्खं स्तन न कापता लहान बरणीत कोंबलं की फॉर्मालिन (नमुना टिकवणारं द्रावण) मध्यापर्यंत पोचत नाही आणि रिसेप्टर नष्ट होतात. नमुना काढल्यापासून तासाभरात, साधारण ५ मिलिमीटरचे काप करून, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. बाहेरगावाहून आलेल्या नमुन्याबद्दल हे फोन करून विचार, संकोच नको. स्लाइडवर शेजारच्या नॉर्मल डक्टच्या (दूधनलिकेच्या) पेशी रंगल्यात का, हेही पॅथॉलॉजिस्टला विचार. त्याही कोऱ्या असतील तर तपासणीच फसली, तो निकाल धरू नकोस. दुसऱ्या ब्लॉकवर (नमुन्याच्या दुसऱ्या तुकड्यावर) किंवा सुरुवातीच्या कोअर बायॉप्सीवर (सुईने काढलेल्या तुकड्यावर) तपासणी पुन्हा करून घे. ईआर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षांचं टॅमॉक्सिफेन या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी करतं. चुकीच्या निगेटिव्हमुळे बाई नेमकं हेच गमावते.

पीआर कमी, ग्रेड ३ (आक्रमक दिसणारी गाठ), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) जास्त असेल तर ईआर भरपूर असूनही प्रतिसाद उणा पडू शकतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावरचं औषधही हवंच.

ऑपरेशनआधी लेट्रोझोल (शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं रोखणारी गोळी, रोज २.५ मिलिग्रॅम) दिलंस तर गाठ सावकाश आटते. चार ते सहा महिने द्यावे लागतात. महिन्याभरात ‘उपयोग नाही’ म्हणणं घाईचं. पेशींची वाढ मात्र लवकर मंदावते, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा कोअर घेऊन केआय-६७ बघ. तो १० टक्क्यांच्या वरच राहिला तर औषध लागू पडत नाही असं समज आणि केमोचा विचार वेळेत कर. ब्रिटनमधल्या ‘पोएटिक’ चाचणीत सुरुवातीला आणि दोन आठवड्यांनंतरही केआय-६७ जास्त असलेल्या, हर-टू निगेटिव्ह बायकांपैकी साधारण पाचात एकीचा आजार पाच वर्षांत उलटला. या औषधावर पीआरही उतरतो. ऑपरेशनच्या नमुन्यात तो शून्य आला म्हणून गाठ बदलली असं मानू नकोस.

केमोने पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झाली असं नाही. चाळिशीतल्या बाईला नुसतं लेट्रोझोल दिलं तर अंडाशय पुन्हा जागे होऊ शकतात, मग औषध निष्प्रभ ठरतं आणि गर्भही राहू शकतो. आधी रक्तातली एस्ट्राडिओल आणि एफएसएच ही हार्मोन्स तपास, शंका असेल तर सोबत अंडाशय शांत ठेवणारं गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी दे.

आजार वाढला तर गाठीला दोष देण्याआधी गोळ्या खरंच घेतल्या जातात का, ते मायेने विचार. सांधेदुखीमुळे कितीतरी बायका त्या गुपचूप बंद करतात. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरची, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकणारी औषधं) चालू नाही ना, हेही बघ. हे सगळं ठीक असूनही आजार पसरला असेल, तर शक्य तिथे नव्या जागेची बायॉप्सी घेऊन ईआर पुन्हा तपास आणि लेट्रोझोलसारख्या औषधानंतर ईएसआर१ म्युटेशनसाठी (इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकातल्या बदलासाठी) रक्त पाठव.

तुझा शुभचिंतक