स्फटिक म्हणजे पारदर्शक नव्हे

सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, 'तांबं, लोखंड स्फटिकी असतात असं पुस्तकात आहे. त्यांच्यातून आरपार तर काहीच दिसत नाही. मग हा शब्द चुकीचा नाही का? आणि अमॉर्फसला मराठीत काय म्हणायचं?'

शब्द बरोबर आहे. चुकीची आहे ती स्फटिक म्हणजे लख्ख पारदर्शक ही समजूत. 'स्फटिकासारखी काच' हे शब्द कानावर पडले की माझं डोकं उठतं. गड्ड्याच्या यात्रेत एकाने मला स्फटिकाची म्हणून माळ विकली. घरी येऊन उजेडात धरली, तर एका मण्यात हवेचा गोल बुडबुडा! म्हणजे काच. काच आणि स्फटिक ही तर दोन टोकं. स्फटिकात अणूंची एकच मांडणी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येते, चादरीवरची नक्षी ठरावीक अंतरावर परत येते तशी. मिठात ही नक्षी दर ०.५६४ नॅनोमीटरला परत येते. काचेत अशी नक्षीच नसते; अमॉर्फस म्हणतात ते हेच.

आता शब्दाकडे. क्रिस्टलच्या मुळाशी ग्रीक 'क्रुस्तालोस' आहे, अर्थ बर्फ. बिल्लोर, म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झचा खडा, हा कायमचा गोठलेला बर्फ आहे, असं रोमन लेखक प्लिनीही मानत होता. तिकडचा शब्द असा गैरसमजातून आला. आपला कुठून आला? 'स्फट्' म्हणजे फुटणं, उकलणं. फाटणं, फाडणं ही त्याच घरातली मंडळी, आणि दाराची फटही मी त्यांच्यातच धरतो. खड्या मिठाचा एक खडा बत्त्याने हलकेच फोडा आणि तुकडे भिंगाखाली बघा. कडा सरळ, कोपरे काटकोनी, लहानातला लहान तुकडाही चौकोनी. कॅल्साइट असाच नेमक्या कोनांत फुटतो हे पाहून फ्रान्सच्या रने जुस्त आउई यांनी १७८४ मध्ये मांडलं, की स्फटिक एकसारख्या चिमुकल्या विटांचा रचलेला असतो. तुमच्या पुस्तकातला एकक कोष (युनिट सेल) हे त्याच कल्पनेचं पुढचं रूप. म्हणून माझं म्हणणं, स्फटिक म्हणजे 'नेमका फाटणारा'.

संस्कृतवाले इथे 'शुद्धस्फटिकसंकाश', म्हणजे शुद्ध स्फटिकासारखा, हा शब्द पुढे करतात आणि स्फटिक म्हणजे निर्मळ असं ठासून सांगतात. अहो, स्फटिकात निर्मळपणा आधीच असता तर 'शुद्ध' वेगळं जोडायची गरज काय होती? जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, हा वेदान्तातला दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आणि पारदर्शकपणा शब्दाला चिकटला. भूविज्ञानवाल्यांचा आक्षेप मात्र खरा आहे. बिल्लोर सरळ फुटत नाही, त्याचे वेडेवाकडे टवके उडतात. पण त्याच्या पैलूंमधले कोन खडा लहान असो की मोठा, तेच राहतात, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ स्टेनो यांनी १६६९ मध्येच नोंदवलं. नेमकेपणा तिथेही आहेच, म्हणून व्युत्पत्ती मी सोडणार नाही.

धातूत स्फटिक डोळ्यांनी बघायचा असेल तर यंत्रमागाच्या शेडवर नवा जस्ती पत्रा चढवतात तेव्हा तो तिरप्या उन्हात बघा. काही पत्र्यांवर फिक्या-गडद रंगाचे कोनेदार चट्टे दिसतात, एकाच्या कडेला दुसरा लागून. त्यातला एकेक चट्टा हा जस्ताचा एकेक स्फटिककण. तो आरपार मुळीच दिसत नाही.

आणि अणूंची ही नक्षी क्षकिरणांनी पहिल्यांदा पकडली ती १९१२ मध्ये, म्युनिकला, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांच्या कल्पनेवरून. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या फ्रिडरिश आणि क्निपिंग यांनी आधी कोणता स्फटिक घेतला? मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा! आपल्या जिल्ह्यातले द्राक्षवाले फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर कालवतात तोच निळा खडा.

हो, अमॉर्फस राहिलं. अस्फटिकी म्हणा.