सर्व्हेला निघालेल्या नव्या पोरासाठी

उद्यापासून तू इतवारी, सदर, गोकुळपेठ फिरशील, तर एक सांगतो बापा. ‘तुम्ही काय मानता?’ हा प्रश्न विचारूच नको. नागपूरचा माणूस तुला खुर्ची देईल, चहा देईल आणि एकदम छान उत्तर देईल. ‘आम्ही हुंडा मानतच नाही!’ हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, त्यामुळे ‘मानतो’ म्हणणारा कोणी भेटायचा नाही. ‘शेवटचं लग्न झालं तेव्हा मुलीकडून काय काय आलं?’ असं विचार. मग गाडी निघते, फ्रीज निघतो.

प्लास्टिकबंदीचंही तेच. कापडी पिशवीवर भाषण देणाऱ्याचा हात बघ, कोथिंबीर कशात आहे ते. (माझ्याही हातात कॅरीबॅग सापडली होती. खोटं कशाला बोलू!)

पण समोरचा ढोंगीच, असं ठरवून जाऊ नको. उलटही होतं. अमेरिकेत लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्यासोबत 251 हॉटेलं-खानावळींत गेला. नकार फक्त एकदा मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून चिनी पाहुणे घ्याल का विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त ‘नाही’ म्हणाले! हा निबंध 1934 चा. कागदावर कडक आणि दारात नरम, अशीही माणसं असतात.

घरात चार लोक बसले असतील तर उत्तर त्यांच्यासाठी असतं, तुझ्यासाठी नाही. बाईंशी वेगळं बोलायचं असेल तर सोबत आपली ताई ने. आणि मे महिन्यात दुपारी 1 नंतर कोणाचं दार वाजवू नको, नागपूर आहे हे.